खपली गव्हात ग्लुटेन असतेच

‘खपली गहू ग्लुटेनमुक्त आहे, सीलिॲक असणाऱ्यांनीही बिनधास्त खावा’ असा मेसेज फिरतोय. हे खरे नाही. ग्लुटेन म्हणजे गव्हातले, कणीक चिवट करणारे प्रथिन; सीलिॲक म्हणजे ते खाल्ल्याने आतड्याला इजा होणारा आजार. अशा रुग्णाला हा मेसेज चांगलाच महागात पडू शकतो.

खपली म्हणजे एमर गहू. इटलीत फारो म्हणून सूपमध्ये शिजवतात तो प्रामुख्याने हाच. नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे, खपलीत २८. ग्लुटेनही जरा कमजोर, म्हणून कणीक तितकी ताणली जात नाही. गैरसमज बहुधा इथूनच झाला असावा. पण कमजोर म्हणजे नाहीच असे नव्हे. भिजवा, कांडा, तासभर शिजवून गूळ घालून खीर करा, ग्लुटेन जात नाही. (त्रास नसलेल्यांनी ही खीर जरूर खावी, चव झकास!)

सीलिॲक असेल तर ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा चालतात. मात्र गिरणीत आधी गहू दळलेला असला तर जात्यात राहिलेले पीठ तुमच्या ज्वारीत उतरते, त्यामुळे दळण घरघंटीवर वेगळेच करावे. विकतच्या पिठाला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. गिरणीतली मूठभर भेसळ ती सहज ओलांडते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.