डोळे उघडेपर्यंत कापूस विकणे नाही

कापूस घरात भरून ठेवणे हा खानदेशातल्या शेतकऱ्याचा समाजमान्य जुगार आहे. वेचणी होते तेव्हा भाव पडलेला असतो, म्हणून ‘पौषात तरी चढेल’ या आशेवर एक खोली छतापर्यंत भरली जाते आणि घरातली माणसे अंग खाजवत ओसरीवर झोपू लागतात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी हा डाव रंगात आला असताना गल्लीतली तांबडी कुत्री खिडकीच्या मोडक्या जाळीतून आत शिरली आणि ढिगाच्या बरोबर मध्यावर व्यायली. पिल्ले सहा. कुत्रीच्या पोटात पिल्ले साधारण ६३ दिवस वाढतात, म्हणजे या बाईने मुहूर्त ठरवला तेव्हा आमची वेचणी नुकती सुरू झाली होती; बाजाराचा अंदाज तिला आमच्यापेक्षा आधी आलेला दिसतो.

आबांनी लगेच काठी शोधायला घेतली. ती सापडेपर्यंत आईने कुत्रीपुढे लापशीची परात ठेवलेली होती, आणि आईने ज्या बाळंतिणीला एकदा वाढले तिला हलवण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

म्हशीसाठी आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी जाता जाता खोलीत डोकावून आमची शिकवणी घेतली. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याच्या आसपास ३० अंशांच्या आगेमागे तापमान लागते, असे त्यांनी सांगितले. वर्षातले निदान आठ महिने ही सोय आमचा जिल्हा फुकट करतो, उन्हाळ्यात तर ४५ अंशांपर्यंत करतो. परंतु पारा १० अंशांच्या खाली उतरतो नेमके तेच दिवस कुत्रीने निवडले होते. डॉक्टरांनी विजेचा दिवा टांगण्यास सुचवताच आबांनी एकदा दिव्याकडे, एकदा कापसाकडे आणि शेवटी डॉक्टरांच्या शिक्षणाकडे संशयाने पाहिले. अखेर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्यावर तडजोड झाली, आणि त्या रात्रीबेरात्री बदलण्याचे काम, ज्याला घरात कामधंदा नाही असे सर्वानुमते समजले जाते, त्या माझ्याकडे आले.

पाच पिल्ले आईचे सड पकडून बिनधास्त होती. सहावे, काळे, मूठभर अंगाचे, दर वेळी ढकलले जाई. त्याला वरचे दूध द्यायचे ठरले. पण कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि गाईच्या दुधातली साखर पिल्लाला बाधते, म्हणून जळगावहून खास भुकटीचा डबा आणावा लागला. त्यावरची किंमत वाचून आबा म्हणाले, “आमना पोरेस्ले असा डबा कधी भेटना नही.” हे दूध दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पालथेच धरून, थेंबाथेंबाने पाजायचे असते, उताणे धरले तर ते फुप्फुसात जाते. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने त्याचे पोट आणि शेपटीखालची जागा पुसावी लागते, कारण इतक्या लहान वयात आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. सरकी काढून पिंजलेला कापूस हाताशी मुबलक होता, एवढाच काय तो या पिकाचा त्या महिन्यातला परतावा.

वजन वाढते की नाही हे पाहण्यासाठी रोज तराजू काढू लागलो. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला कुंकवाचा वेगळ्या जागी टिळा लावला, तो कुत्रीने मिनिटभरात चाटून साफ केला, आणि वहीत एकच तांबडे पिल्लू तीन नावांनी वाढत राहिले. स्वयंपाकघरातही क्रांती झाली. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असल्याने, जिथे शेवभाजीच्या तर्रीवरून स्वयंपाकाची पारख होते, त्या घरात रोज बिनफोडणीची खिचडी शिजू लागली. रक्तदाबामुळे आपल्यालाही असेच जेवण सांगितले आहे, पण ते आजवर कोणी शिजवले नाही, ही तक्रार आबांनी भरिताच्या वांग्याचे देठ हातात धरून केली.

दरम्यान व्यापारी दारात येऊ लागला, कारण भाव खरोखरच चढला होता. ज्या क्षणासाठी आम्ही अंग खाजवत बसलो होतो तो क्षण उंबऱ्यावर उभा होता आणि आबा त्याला सांगत होते, “पिल्लास्ना डोया उघडू द्या, मंग दखू.” पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात; काळ्याने अर्थातच सर्वांत शेवटी, तेही आधी एकच उघडला. तोवर भाव पुन्हा थोडा खाली आला. दोन आठवड्यांच्या वयाला द्यायचे जंताचे औषध झाल्यावर सारे कुटुंब ओसरीवरच्या गोणपाटावर हलवले आणि कापूस मोजायला घेतला.

व्यापाऱ्याने मूठभर कापूस उजेडात धरला, त्यातून तांबडे केस एकेक करून वेचले आणि कडता, म्हणजे वजनातली कपात, मागितला. आबा अडून बसले. बराच वेळ घासाघीस होऊन व्यापारी म्हणाला की कडता सोडतो, पण ते काळे पिल्लू द्या. आबांनी डॉक्टरांच्या थाटात त्याला सुनावले की आठ आठवडे आईपासून तोडायचे नसते आणि पहिली लस टोचल्याशिवाय आमच्या घरातून कोणी बाहेर जात नाही. कापूस गाडीत भरला, पैसे मोजले गेले, आणि व्यापाऱ्याने आपल्या वहीत आमच्या नावासमोर लिहून ठेवले : ‘काळे पिल्लू, एक नग, येणे बाकी.’