शंभराची नोट आणि नव्वदचा भाव

डोकं फिरलंय नुसतं. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समधला पहिला दिवस, तोही मुद्दाम गुरुवार धरून आखलेला, आणि गेला कशात? तर शंभर डॉलरच्या अमेरिकन नोटेवर बेंजामिन फ्रँकलिनचं चित्र असतं, त्याचं तोंड केवढं आहे या वादात!

1996 च्या आधीच्या छपाईची नोट म्हणजे इथे 'कारा चिका', लहान तोंडाची. छोट्याशा अंडाकृती चौकटीत बसवलेला फ्रँकलिन. नंतरची मोठ्या तोंडाची ती 'कारा ग्रांदे'. आणि 2013 पासून आलेली निळ्या पट्टीची नोट सगळ्यांची लाडकी. अमेरिकेचं सरकार म्हणतं की 1861 पासूनची आमची प्रत्येक नोट आजही पूर्ण किमतीला चालते. पण इथल्या फ्लोरिडा नावाच्या रस्त्यावर त्या सरकारला विचारतंय कोण!

हा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा. दर दहा पावलांवर एक जण 'काम्बिओ, काम्बिओ', म्हणजे 'पैसे बदला', करत उभा. यांना म्हणतात आर्बोलितो, म्हणजे लहानसं झाड. तो तुम्हाला आतल्या 'कुएवा'त नेतो, म्हणजे गुहेत, डॉलरचे इथले पेसो करून देणाऱ्या चोरट्या खोलीत. पहिल्या गुहेतल्या माणसाने आमची नोट उजेडाला धरली, फ्रँकलिनच्या कोटावरून नख फिरवलं, कोपऱ्यातला तांदळाच्या दाण्याएवढा शाईचा शिक्का मला दाखवला आणि मान हलवली. 'चिका.' शंभराचे नव्वद धरतो म्हणाला. दुसरा पंचाऐंशीवर आला. तिसऱ्याने हातसुद्धा लावला नाही. पाच नोटांपैकी तीन अशा. म्हणजे आमचे तीनशे डॉलर पाकिटात असून नसल्यासारखे.

या लोकांवर माझा राग नाही, खरंच नाही. 2001 च्या डिसेंबरात यांच्या सरकारने बँकांतली खाती गोठवली, आठवड्याला जेमतेम 250 पेसो हातात येत. पुढच्याच महिन्यात एका डॉलरला एक पेसो हा भावही मोडला. तेव्हापासून ज्याला जमतं तो डॉलर घरात दडवून ठेवतो. दडवायची ती नोट उद्या दुसऱ्याने घ्यायला हवी, म्हणून हे निवडून घेतात. कळतं मला ते.

राग आहे तो पुण्यात ज्याच्याकडून डॉलर घेतले त्याच्यावर. 'दक्षिण अमेरिकेला चाललोय, नव्या कोऱ्या नोटा द्या,' असं मी त्याला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. 'हो मॅडम, हो मॅडम' केलं, भाव पूर्ण लावला, वर कमिशन घेतलं आणि पाकीट चिकटवून हातात दिलं. काउंटरवरच फोडून बघायला हवं होतं, हे आता मला कोणी सांगू नका. विश्वास ठेवणं हा गुन्हा आहे का? दुपारी एकला इथून फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ. उचलला आणि म्हणतो कसा, 'डॉलर तो डॉलर मॅडम, जगात कुठेही चालतो.' तळपायाची आग मस्तकात गेली! चालतो ना? मग तूच घे परत! त्यावर फोन ठेवला. याला ठाऊक होतं. पडून राहिलेल्या नोटा कोणाच्या तरी गळ्यात मारायच्या होत्या, त्या आमच्या मारल्या.

आणि गुरुवारचं सांगायचं राहिलंच. प्लाझा दे मायोमध्ये दर गुरुवारी दुपारी साडेतीनला त्या आया चौकातल्या स्तंभाभोवती फेरी घालतात. लष्करी राजवटीत मुलं नाहीशी केली गेली, त्यांचा जाब मागत 1977 पासून. डोक्याला पांढरा रुमाल. आता थोड्याच उरल्यात, सगळ्या नव्वदीच्या आसपास. मला त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. फ्लोरिडा रस्त्यापासून चौक पाच-सात मिनिटांवर. शेवटच्या गुहेतून बाहेर पडून आम्ही अक्षरशः धावलो, तर चार वाजून दहा मिनिटं झालेली. चौकात कबुतरं, पर्यटक आणि फरशीवर रंगवलेले ते पांढरे रुमाल. पुढच्या गुरुवारी आम्ही विमानात असणार.

तिन्ही नोटा परत आणतेय. त्याच काउंटरवर ठेवणार आहे, आणि त्या बदलून मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.