विहिरीतलं नायट्रेट आणि मेथीतलं नायट्रेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. पालेभाजीतल्या नायट्रेटच्या जोरावर तोंडातले जंतू बीपी आटोक्यात ठेवायला मदत करतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉश कारणाशिवाय रोज वापरू नये, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत. मखमलाबादला तुमची द्राक्षबाग, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं म्हणून घरी आरओ बसवावा लागला. आणि ‘आता तेच नायट्रेट पालेभाजीतून खायचं, जंतू जपायचे आणि बीपीच्या गोळ्या सोडायच्या का?’ हा तुमचा सवाल.

आधी पाण्याचं. रेणू तोच आहे, यात वादच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. तिचा सगळ्यात मोठा संबंध बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांशी आहे. त्यांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू पोचवण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. म्हणून आरओ बसवलात ते उत्तम केलंत. भाजीत मात्र नायट्रेटसोबत क जीवनसत्त्व असतं आणि ते पोटात नायट्रोसमाइन (कर्करोगाशी संबंध असलेली घातक रसायनं) तयार होणं बरंचसं रोखतं. पाण्याला ती सोबत नाही.

आता जंतू. पालक, मेथी, माठ, बीट यांतलं नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेऊन पुन्हा तोंडात सोडतात. शरीर हा उलटा प्रवास का करवतं? कारण नायट्रेटचं नायट्राइट करणं आपल्या पेशींना जवळपास जमतच नाही. जिभेच्या मागच्या भागावर, हवा न पोचणाऱ्या बारीक खाचांत व्हेलोनेला, ॲक्टिनोमायसिससारखे जंतू असतात. प्राणवायू नाही म्हणून ते नायट्रेटवर श्वास भागवतात आणि त्यातून नायट्राइट बाहेर पडतं. ते आपण लाळेबरोबर गिळतो. त्यातलं काही जठराच्या आम्लात, काही पुढे रक्तात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीसुद्धा याच वायूच्या जोरावर काम करते. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप पोचवतो, या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.

‘पुरावा काय?’ हे तुम्ही विचारलंत ते बरं झालं. लंडनमध्ये निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या चुळा भरायला लावल्या. लाळेतलं नायट्राइट सुमारे ९० टक्क्यांनी घसरलं आणि वरचा बीपी २ ते ३.५ अंकांनी चढला. माणसं जेमतेम १९, तेव्हा एवढ्यावर इमले बांधू नयेत. पण तिथेच २०१५ साली बीपीच्या रुग्णांना ४ आठवडे रोज २५० मिली बीटाचा रस दिला, तेव्हा वरचा आकडा ८च्या आसपास उतरला. नायट्रेट काढून टाकलेला रस ज्यांना दिला, त्यांचा मात्र उतरला नाही. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

म्हणून गोळ्या सोडायच्या? मुळीच नाही. भाजी हा आहार आहे, गोळी हा उपचार, आणि गोळीचा डोस फक्त डॉक्टरांनी बदलायचा. मुतखडा असेल तर पालक आणि बीटही त्यांना विचारूनच. दात रोज दोनदा घासायचेच. दात काढल्यावर दिलेलं माउथवॉशही सांगितलेले दिवस वापरायचंच. माझा आक्षेप एवढाच, की जखम भरल्यावरही तीच बाटली पुन्हापुन्हा आणून वर्षभर रोज वापरू नये.