‘गिफ्ट’वर टिक मारा म्हणे!

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज, ‘दादा, हे बरोबर आहे का रे? उद्या पार्सल टाकायचंय.’ खाली तो फॉरवर्ड, तुमच्याकडेही आला असेलच. परदेशात माल विकताना ड्यूटी वाचवायच्या पाच ट्रिक्स: गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा, अमेरिकेला ८०० डॉलरपर्यंत काही लागत नाही, ड्यूटी हे गिऱ्हाइकाचं झेंगट आहे आपलं नाही, आणि वर्णनात नुसतं ‘ॲक्सेसरीज’ लिहा, कोणी विचारत नाही. शेवटी हात जोडलेले इमोजी.

ती क्रोशाच्या पर्स विणते, एकेका पर्सला चार-चार दिवस जातात, म्हणून जरा जास्तच डोकं फिरलं.

गिफ्टचंच आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच. पोस्टाचा सीएन २२ स्टिकर, म्हणजे परदेशी पार्सलवर कस्टमसाठी लावायचा तो फॉर्म, कधी नीट वाचलाय? छोटे छोटे चौकोन असतात, गिफ्ट, कागदपत्रं, विक्रीचा माल वगैरे, आणि बारीक अक्षरात एक वाक्य की वर दिलेली माहिती बरोबर असल्याचं मी प्रमाणित करतो, आणि मग सही. म्हणजे ट्रिक सांगणारा नामानिराळा, सही बहिणीची! पार्सल ब्रिटनला जाणार होतं म्हणून ब्रिटिश सरकारच्या साइटवर गिफ्ट कशाला म्हणतात ते बघितलं. स्वच्छ लिहिलंय: एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेलं, कंपनीने नव्हे, वाढदिवस-बिढदिवस काहीतरी निमित्त हवं आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी हवी. एवढं सगळं जमलं तरी व्हॅटची सूट ३९ पौंडांपर्यंतच. युरोपियन युनियनमध्ये ४५ युरो, आणि पाठवणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेले नसावेत ही अट. आता पैसे घेऊन विकलेली पर्स, आत बिल, बाहेर दुकानाच्या नावाचं लेबल, आणि टिक कुठे तर गिफ्टवर. कस्टमवाले काय डोळे मिटून बसलेत?

आणि कहर म्हणजे ही ऑर्डर मार्केटप्लेसवरची, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन साइटवरची. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो, मार्केटप्लेसवर विकलं तर तो मार्केटप्लेसच घेतं. म्हणजे गिऱ्हाइकाने टॅक्स चेकआउटलाच भरलेला, मग ही ट्रिक वाचवणार काय होती?

किंमत कमी लिहायचं म्हणाल तर पार्सल हरवल्यावर क्लेम करा, तुम्हीच लिहिलेला आकडा तुमच्या तोंडावर मारतील. विषय संपला.

८०० डॉलरचं एकेकाळी खरं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेने मर्यादा २०० वरून ८०० केली होती, पण २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली, तेव्हा कितीतरी देशांच्या पोस्टांनी तिकडची पार्सलं घेणंच काही काळ थांबवलं होतं. फॉरवर्डवाल्याला पत्ताच नाही.

‘गिऱ्हाइकाचं झेंगट’ हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. डीएपीवर, म्हणजे ड्यूटी न भरता पोचवायच्या बोलीवर पाठवलं तर ड्यूटी गिऱ्हाइकानेच भरायची असते, डीडीपीवर, म्हणजे ड्यूटी भरून पोचवायच्या बोलीवर पाठवलं तर विकणाऱ्याने. पण हे त्याला आधी सांगितलं का? मागच्या वर्षी बहिणीने इन्स्टावरची एक ऑर्डर युरोपात थेट पाठवली, आयओएसएस (युरोपचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन भरायची नोंदणी) वगैरे काही नाही. तिथे कुरिअरने टॅक्स अधिक स्वतःचा हँडलिंग चार्ज अशी चिठ्ठी दिली, गिऱ्हाइक बाईंनी पार्सल घ्यायलाच नकार दिला. दोन महिन्यांनी पर्स घरी परत, खोका चेपलेला, टेप उचकटलेली, जायचं भाडं तर बुडालंच. झेंगट कुणाच्या गळ्यात पडलं सांगा!

राहिलं ‘ॲक्सेसरीज’. हल्ली पार्सल पोचायच्या आधी त्याचा डेटा तिकडे पोचतो, असलं गुळमुळीत वर्णन असेल तर अडकू शकतं. जे आहे ते लिहा आणि पुढे सहा आकडी एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय नंबर) टाका, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

सकाळी तिने स्टिकरचा फोटो पाठवला. टिक ‘विक्रीचा माल’वर, वर्णन ‘सुती धाग्याची विणलेली हँडबॅग’, पुढे ४२०२.२२, किंमत खरी. खाली लिहिलंय, ‘त्या ग्रुपमध्ये तूच सांग, मला भांडायचं नाही.’ म्हणून हे लिहिलं.