अकरावीच्या फॉर्मात पहिल्या नंबरावर 'सेफ' कॉलेज टाकू नका

माझ्या भाचीला २०२५ मध्ये दहावीला ८८.२० टक्के पडले. वहिनीने सकाळीच अर्धा किलो पेढे आणून ठेवले होते, ते तिने मजल्यावर कुणाला दिलेच नाहीत. का, तर "किती पडले विचारतील." फ्रीजमध्ये तो बॉक्स चार दिवस तसाच होता. मी गेले तेव्हा भाची आतल्या खोलीत कानात हेडफोन घालून पडलेली आणि दादा बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, ठीक आहेत, जरा कमीच आले." अठ्ठ्याऐंशी टक्के, जरा कमी!

मला १९९३ ला सातशेपैकी ५२४ होते. डिस्टिंक्शन एका मार्काने हुकलं. आजोबांनी तरीही चाळीत बर्फी वाटली होती, आणि तीही स्वतः दारोदार जाऊन.

आता ते दिवस गेले, हे मलाही कळतं. पण हा आकडा एवढा फुगलाय कशाने, हे एकदा बघायला हवं. २०१८ ला दहावीचा निकाल होता ८९.४१ टक्के. २०१९ ला बोर्डाने भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडीचे २० मार्क काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता. निकाल ७७.१० वर आला. राज्यात शंभर टक्केवाले फक्त २०. ओरड झाली, तोंडीचे मार्क परत आले. २०२० ला निकाल ९५.३० आणि शंभर टक्केवाले २४२! शाळा त्याच, मास्तर तेच, घरातली भावंडंसुद्धा तीच. (त्या वर्षी लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, तो भाग वेगळा.) २०२५ ला शंभरवाले २११, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. म्हणजे एका घरात २०१९ चा दादा आणि २०२० ची ताई असेल, तर त्या दोघांचे टक्के शेजारी शेजारी ठेवून कोण हुशार ते ठरवायचं नाही. आपण मात्र नेमकं तेच करतो, तेही जेवणाच्या टेबलावर.

बरं, भाचीचे मार्क बघा. मराठी ९१, इंग्रजी ८९, संस्कृत ९४, समाजशास्त्र ९३, विज्ञान ७४, गणित ६८. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सहापैकी जास्त मार्कांचे पाचच विषय धरतात त्यात, गणित गळालं, राहिले ४४१. तिला जायचंय आर्ट्सला. मानसशास्त्र शिकायचंय, सातवीपासून तेच चाललंय. भाषा आणि समाजशास्त्राच्या चार विषयांत मिळून हिला चारशेपैकी ३६७ आहेत. तिला खाली ओढलं कुणी, तर भिंगांनी आणि रासायनिक समीकरणांनी. आर्ट्सच्या जागेसाठी विज्ञानाचे मार्क का धरायचे, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तरी ते धरतात. असो, आपण काही बोर्ड चालवत नाही.

माझा खरा राग बोर्डावर नाहीये. माझा राग आहे आम्हा घरच्यांवर.

दादाच्या मोठ्या मुलाची गोष्ट सांगते. साल २०२२, त्यालाही नव्वदच्या आतच होते. त्याला मनापासून एक कॉलेज हवं होतं, मराठी नाटकं करणाऱ्या पोरांचं, तुम्ही ओळखलं असेल. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा दुसरा भाग, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी, भरायला आम्ही सगळे बसलो. आदल्या वर्षीचा कटऑफ याच्या मार्कांपेक्षा पाचेक मार्कांनी वर. दादा म्हणाला, "ते काही मिळायचं नाही, उगाच पहिला नंबर कशाला फुकट घालवायचा? घराजवळचं सेफ टाकू वर." वहिनी हो म्हणाली, मीही हो म्हणाले. पोरगं काही बोललं नाही, त्याने माउस दादाच्या हातात दिला. पहिल्या यादीत घराजवळचं मिळालं. पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग घेतलं. दुसऱ्या फेरीत त्या नाटकवाल्या कॉलेजचा कटऑफ याच्या मार्कांच्या दोन मार्क खाली आला.

दोन मार्क खाली! म्हणजे तिथे याला जागा होती. ती याच्या मार्कांनी घालवली नाही, आम्ही घालवली, चहा पीत पीत.

तेव्हापासून मी हा विषय अक्षरशः पाठ केलाय. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या पोरांचे फॉर्म दरवर्षी माझ्याकडे येतात. आणि दरवर्षी नव्वदच्या आतल्या पोरांचे आईबाप हीच चूक करायला निघालेले असतात. म्हणून आज हे सगळं लिहायला बसले.

प्रवेश देणारा तो संगणक काय करतो, ते नीट समजून घ्या. तो सगळ्या पोरांना मार्कांनी एका रांगेत उभं करतो. तुमच्या पोराचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली वाचतो आणि ज्या पहिल्या कॉलेजात अजून जागा आहे ते देऊन टाकतो. झालं. आरक्षणाच्या जागांच्या रांगा वेगळ्या, पण रीत तीच. तुम्ही मुंबईतलं नावाजलेलं रुईया किंवा झेवियर्स पहिलं टाकलंत म्हणून चौथ्या नंबरचं कॉलेज रुसत नाही. तुम्ही त्याला कितवं टाकलंय, याने त्याला काडीचा फरक पडत नाही. वरचे तीन नंबर 'फुकट' जात नाहीत. वर अशक्य वाटणारं कॉलेज टाकण्याचा तोटा शून्य आहे. शून्य म्हणजे शून्यच.

तोटा आहे तो सेफ कॉलेज वर टाकण्यात. कारण तेच मिळणार, आणि मिळालं की दार बंद. दुसऱ्या नंबरचं किंवा त्याखालचं मिळालं तर थांबायची मुभा असते, पुढच्या फेरीला यादी बदलताही येते. कुलूप फक्त पहिल्या नंबराला आहे. आणि आपण भीतीपोटी नेमकं तिथेच नको असलेलं कॉलेज नेऊन बसवतो.

कटऑफ कटऑफ म्हणून जो बाऊ होतो, तो आकडा तरी काय आहे? त्या फेरीत आत गेलेल्या शेवटच्या पोराचे मार्क. कॉलेजने ठरवलेली पात्रता नव्हे ती. गेल्या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या पोरांचा. तो हलतो, आणि का हलतो तेही ऐका. संस्थेच्या स्वतःच्या शाळेतल्या मुलांसाठी इनहाऊसच्या १० टक्के जागा असतात, ५ टक्के मॅनेजमेंटच्या, आणि अल्पसंख्याक संस्थेचं कॉलेज असेल तर ५० टक्के त्या समाजासाठी. यातल्या ज्या भरत नाहीत त्या कॉलेजं सरेंडर करतात आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या होतात. शिवाय पहिल्या यादीत नाव आलेली कितीतरी पोरं डिप्लोमाला जातात किंवा प्रवेश घ्यायला येतच नाहीत. कधी उलटंही होतं बरं का, चारच जागा उरल्या की दुसऱ्या फेरीचा कटऑफ चक्क वर चढतो. त्यामुळे मी कुणाला "नक्की मिळेल" असं कधीच सांगत नाही. यादीत नाव टाकलंच नाही तर नक्की मिळणार नाही, एवढंच सांगते.

आणि जागा कमी आहेत म्हणून गळा काढू नका. २०२५ ला सगळ्या राज्याचे प्रवेश ऑनलाइन झाले. जागा एकवीस लाखांहून जास्त, आणि अर्ज त्याहून कितीतरी लाखांनी कमी. सगळ्यांना हवी असतात ती तीच बोटावर मोजण्याएवढी कॉलेजं. त्यातल्या सायन्सच्या अर्ध्या बाकांवर कुणी बसतही नाही, पोरं क्लासला असतात. कॉलेजात नाव, क्लासमध्ये जीव. अशा जागेसाठी रडायचं की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

तर भाचीकडे वळते. त्या संध्याकाळी मी दादाला सांगितलं, तू आज किचनमध्ये बस. लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कटऑफ बघायचा नाही. सकाळी सातची लोकल पकडून कुठे जायला तुझा पाय उचलेल?" डोंबिवलीची सातची लोकल म्हणजे काय, ते डोंबिवलीकरालाच ठाऊक. तिने भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर नऊ नावं लिहिली. मग त्यातली दोन स्वतःच खोडली, एक चर्चगेटला उतरून बरंच चालावं लागतं म्हणून, आणि दुसरं फक्त मैत्रीण जातेय म्हणून लिहिलं होतं ते. हे चांगलं झालं. जिथे खरंच जायचं नाही ते पहिल्या नंबरावर टाकलं आणि मिळालं, तर तीही फजितीच. शेवटच्या तीन नंबरांवर तिच्या मार्कांत सहज बसणारी कॉलेजं घेतली. सेफ कॉलेज हवंच, फक्त त्याची जागा खाली.

दादा आतून ओरडला, "आत्या-भाचीने मिळून वर्ष घालवू नका म्हणजे झालं."

"बाबा, आठवं, नववं, दहावं तुमच्याच पसंतीचं आहे," ती म्हणाली. निकालानंतर चार दिवसांनी पहिल्यांदा हसली असेल.

जूनच्या अखेरीस पहिली यादी आली, सहाव्या नंबरचं मिळालं. थांबलो. थांबायचं ठरवलं त्या रात्री मलाही झोप नव्हती, उगाच शहाणपण सांगत नाही. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या नंबरचं आलं. पहिली दोन आलीच नाहीत, आणि त्याचं तिला वाईट वाटलं, ते वाटायचंच. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरगी ही पोस्ट वाचते आणि रागावते. मानसशास्त्र आहे तिथे. सातच्या लोकलला शिव्या घालत जाते.

तिचा भाऊ तिच्या प्रवेशाच्या दिवशी सोबत गेला होता. येताना त्याने त्या कॉलेजच्या नाट्यमंडळाची चौकशी करून आणली. बहिणीला नाटकात काडीचा रस नाही.

फॉर्म भरून हवे असतील त्यांनी रविवारी अकरानंतर या, नेहमीसारखं. मार्कशीट आणा, लॉगिनचा पासवर्ड आणा (अर्ध्या लोकांना तो आठवत नाही, मग ओटीपी येईपर्यंत माझा चहा संपतो) आणि कृपा करून पोरांना आणा. मागच्या वेळी तीन पालक पोरांना घरी ठेवून आले होते. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.