नाव चढलं, उतारा निघाला नाही

काल रात्री पावणेदहाला आमच्या घरमालकांनी, म्हणजे निवृत्त तलाठी आप्पांनी, मला लिनक्स शिकवलं. आप्पांना लिनक्स येत नाही. अपमान नेमका तिथंच आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

काम अगदीच किरकोळ होतं. एका लग्नपत्रिकेच्या फाइली विंडोजमध्ये होत्या आणि त्या व्हर्च्युअलबॉक्समधल्या (संगणकाच्या आत दुसरा, खोटा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) उबुंटूत, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, उघडायच्या होत्या. दोघांत फोल्डर वाटून घ्यायला लागणारे गेस्ट ॲडिशन्स बसवलेले होते. ते बसवण्याआधी बिल्ड-इसेन्शियल (प्रोग्रॅम घडवायची अवजारं) आणि चालू कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर घालायचे असतात. हेडर नसले तर फोल्डर जोडणारं मॉड्यूल घडत नाही, आणि फोल्डर जोडायला जावं तर 'राँग एफएस टाइप' अशी भलतीच तक्रार पुढ्यात येते. तेवढी अक्कल मला होती. पाच मिनिटांत उरकून जेवायला बसणार होतो.

माउंटची, म्हणजे फोल्डर जोडायची, आज्ञा हातानं लिहिली. उत्तर आलं, 'प्रोटोकॉल एरर'. प्रोटोकॉल म्हटल्यावर मी नेटवर्कपासून सगळं तपासलं. अर्ध्या तासानं कळलं की गिऱ्हाइकाच्या फोल्डरचं नाव 'बेळगावी', आणि मी सवयीनं टाइप केलं होतं 'बेळगाव'.

इथं शेअरला, म्हणजे दोघांत वाटून घेतलेल्या फोल्डरला, तीन नावं असतात हे ध्यानात ठेवावं लागतं. विंडोजमधला खरा पत्ता, सेटिंगमध्ये दिलेलं शेअरचं नाव, आणि उबुंटूत ते जिथं टांगायचं ती जागा. आज्ञेत मधलंच नाव चालतं. पत्ता दिला तर काही होत नाही. आमच्या गावाचंही तेच. वेणुग्राम म्हणा, बेळगाव म्हणा, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी म्हणा. माणूस एकच, हाका तीन. फरक एवढाच की एस.टी.च्या कंडक्टरला बेळगाव म्हटलं तरी तो तिकीट फाडतो, प्रोटोकॉल काढत नाही. 'या नावाचं शेअर नाही' एवढं सरळ वाक्य लिहायला कुणाचे पैसे पडत होते?

मग वैतागून सेटिंगमध्ये 'ऑटो-माउंट'वर खूण केली. फोल्डर आपोआप 'मीडिया'खाली हजर, नावाआधी 'एसएफ' आणि खालची रेघ लावून. उघडायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. यादी पाहिली: मालक रूट (मशीनचा सर्वेसर्वा), गट व्हीबॉक्सएसएफ, बाकीच्यांच्या वाट्याला तीन आडव्या रेघा, म्हणजे काहीच नाही. म्हणजे आपण गटात हवं. युजरमॉड चालवून स्वतःला गटात घातलं. पुन्हा उघडलं. पुन्हा 'परमिशन डिनाइड'.

याच सुमाराला आप्पा पाण्याच्या मोटारीचं सांगायला वर आले.

"काय गा, अजून करूलास?"

"फोल्डर उघडेना आप्पा. गटात नाव घातलंय, तरी परवानगी नाही म्हणतंय."

मोटार बाजूला राहिली. आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रजिस्टरात चढवलेला माणूस तो. 'नाव घातलंय' या दोन शब्दांवर त्यांची पेन्शन उभी आहे.

"नाव घातलंय कशावरनं? दाखव."

मी 'आयडी' लिहून पुढं माझं युजरनाव टाकलं. यादीच्या शेवटी व्हीबॉक्सएसएफ होतं.

"हे चावडीतलं रजिस्टर झालं. तुझ्या हातात कागद कुठला हाय?"

नुसतं 'ग्रुप्स' लिहिलं, पुढं नाव न टाकता. व्हीबॉक्सएसएफ गायब.

आप्पांचा चेहरा असा उजळला की मला तो आठवून आज सकाळचा चहा कडू लागला. "नाव चढलंय, पण तू जुनाच उतारा घेऊन हिंडूलास! बाहेर जा, नवा उतारा काढून परत आत ये."

आणि हे शंभर टक्के बरोबर आहे. लॉगिन करताना गटांची जी यादी हातात पडते, तीच घेऊन तुमचे सगळे प्रोग्रॅम चालतात. नंतर गटांच्या फाइलीत काहीही बदललं तरी चालू प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. 'न्यूजीआरपी' चालवलं तर त्या एका टर्मिनलपुरता नवा दाखला मिळतो, पण फाइल मॅनेजर जुन्याच उताऱ्यावर.

मी माउसकडे हात नेतोय तोवर आप्पांचा पुढचा प्रश्न.

"आणि नाव चढवताना आधीची खोडली न्हाईस नव्हं? एका कारकुनानं धाकट्याचं नाव चढवलं आणि तिघा थोरल्यांची खोडली. धाकट्यानं पेढे वाटले, थोरल्यांनी काठ्या."

माझ्या पोटात गोळा आला. युजरमॉडमध्ये मोठ्या 'जी'च्या आधी छोटा 'ए' लावायचा असतो. तो विसरला तर नव्या गटात नाव चढतं आणि बाकीच्या सगळ्या जादा गटांतून उडतं, रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या सुडोतूनही. मग दुरुस्तीला लागणारा सुडोच हातात राहत नाही. मी 'ए' लावला होता. पण तपासून पाहिल्याशिवाय मला ते ठामपणे सांगता आलं नाही, आणि आप्पांनी ते पाहिलं.

मशीन रीस्टार्ट केलं. फोल्डर उघडलं. "बघ," आप्पा म्हणाले.

मला राग आप्पांचा नाही. (थोडा आहे.) राग त्या 'परमिशन डिनाइड'चा आहे. नाव नसलं तरी तेच, नाव असून उतारा जुना असला तरी तेच. आमच्याकडं खिडकीतला माणूस कागद असाच परत सरकवतो. अर्ज कन्नडात, काय कमी पडलं ते सांगत नाही, आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला "हे काय लिवलंय गा?" विचारत आपण पन्नाशी गाठतो. मशीनकडून तरी बऱ्याची अपेक्षा होती.

उघडलं म्हणून सगळं जमलं असंही नाही. त्या फोल्डरात सीएचमॉड (परवानग्या बदलायची आज्ञा) चालवा, ते गप्प बसतं आणि बदलत काही नाही. सिमलिंक (एका फाइलीकडं बोट दाखवणारी दुसरी फाइल) मुळातच बंद, त्यामुळं तिथं एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणायची आज्ञा) केलं की तोंडघशी. असली कामं उबुंटूच्या स्वतःच्या डिस्कवर करावीत आणि शेअर फक्त फाइलींची ने-आण करायला ठेवावा. मशीन चालू असताना शेअर जोडला असेल, तर 'मेक पर्मनंट'वर खूण करायची. नाही तर मशीन बंद केलं की शेअर गेला.

मी ती खूण केली नव्हती, हे आज सकाळी कळलं. ते आप्पांना सांगितलेलं नाही. सांगायला खाली गेलोही असतो, पण दारात समोरच्या मावशी उभ्या होत्या, हातात बंद पडलेला लॅपटॉप. मला बघून म्हणाल्या, "आप्पा हाईत काय रे आत?"