ही परीक्षा एकटीने देता येत नाही

भाची केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरी या इंग्रजीच्या परीक्षेला बसतेय. वाचन, लेखन, श्रवण ती करेल, त्याची मला काळजी नाही. घरात सगळ्यांना धास्ती आहे ती बोलण्याच्या परीक्षेची.

क्लासने तिला उत्तरांचा गठ्ठाच पाठ करायला दिलाय. 'माय सिटी इज फेमस फॉर...' पासून लक्ष्मी विलास पॅलेसपर्यंत ती एका दमात म्हणून दाखवते, पाढे म्हणावेत तसं. मी मध्येच विचारलं, "तुला स्वतःला काय आवडतं गं बडोद्यातलं?" इंग्रजीतच विचारलं. पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. एरवी दिवसभर बडबडणारी मुलगी ती! मला खूप वाईट वाटलं आणि त्या क्लासचा रागही आला. पालकांकडून एवढे पैसे घेता, तर मुलांना बोलायला तरी शिकवा.

कारण ही परीक्षा दोघादोघांची घेतात. समोर दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा गप्प बसून ऐकतो आणि गुण देतो. सगळं मिळून साधारण 12 मिनिटं. चार भागांपैकी तिसऱ्यात समोर चित्रं ठेवतात आणि दोघांनी आपसात बोलून काहीतरी ठरवायचं असतं. जोडीदार काय बोलेल हे कुठल्या क्लासला आधी कळणार? त्याचं ऐकून त्याला धरून बोलता येतं का, याला वेगळे गुण आहेत. उच्चार समोरच्याला कळले की पुरे, साहेबासारखे नकोत.

दुसऱ्या भागात प्रत्येकाला एक फोटो देतात आणि साधारण मिनिटभर त्याचं वर्णन करायचं असतं. तिला मी खंडेराव मार्केटमधला माझ्याच फोनमधला फोटो दिला. फुलवाली गजरा ओवतेय. 'ओवणं' इथे गाडी अडली. "मावशी, शब्दच येत नाही!" म्हटलं, नसू दे. बाईच्या हातात काय आहे? थ्रेड. आणि? फ्लॉवर्स. "शी इज पुटिंग फ्लॉवर्स ऑन अ थ्रेड," ती हळूच म्हणाली. मी तिला जवळच घेतलं! परीक्षेत हेच तर बघतात, शब्द अडला तरी बोलणं पुढे जातं का.

मी लग्न होऊन नाशिकहून बडोद्यात आले तेव्हा पडवळाला गुजरातीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. भाजीवाल्याला म्हटलं, "भाई, साप जेवुं लांबुं शाक." त्याने हसत पिशवीत घातलं. दांडिया बाजारातल्या आपल्या घरांमधून हे रोज चालतं. घरात मराठी, दारात गुजराती, टीव्हीवर हिंदी. अडलेल्या शब्दाला वळसा घालून बोलण्यात आपली मुलं लहानपणापासून तयार झालेली असतात. इंग्रजी म्हटलं की मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, कारण चुकलं की कुणीतरी ओरडेल ही भीती आपणच घातलीय.

आता पाठांतर बंद केलंय. शेजारची गुजराती मैत्रीण रोज संध्याकाळी येते. काल दोघींना विषय दिला, गाव सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला काय भेट द्यायची. पहिली दोन मिनिटं दोघी आपापलंच बोलत होत्या. मग शेजारची म्हणाली, "बट शी हॅज अ बिग फॅमिली, व्हॉट डू यू थिंक?" आणि भाचीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून उत्तर दिलं. व्याकरण चुकलं होतं. मी मध्ये बोलले नाही.

पण रोज त्याच दोघी बोलल्या की एकमेकींची सवय होते. परीक्षेत जोडीदार अनोळखीही असू शकतो. बडोद्यात कुणाचं मूल बी-वनला बसणार असेल तर कळवा. रविवारी सकाळी सुरसागर तलावाच्या कट्ट्यावर मुलांना बसवूया. फोटो मी आणते.